लफड्याची कॉपी कशी तपासावी

मनोरंजनाच्या पानावर नवा उपसंपादक आला की मी त्याला आधी एवढंच सांगते: सेलिब्रिटीच्या लफड्याची बातमी हातात आली की मथळ्यात कोण काय करतंय ते बघ. ‘अभिनेत्री विवाहित दिग्दर्शकाच्या प्रेमात’. म्हणजे सगळं तिनंच केलं, दिग्दर्शक वाटेतल्या खांबासारखा नुसता उभा होता! लग्न त्याचं, तरी बोट तिच्याकडे. आता हाच मथळा ‘विवाहित दिग्दर्शकाचं अभिनेत्रीशी प्रेमप्रकरण’ असा करून पाहा. बेचव वाटला, तर आधीची चव कशाची होती ते तुमचं तुम्हालाच कळेल.

मग एकेरी-आदरार्थी तपासा. ‘ते म्हणाले’ आणि ‘ती म्हणाली’ एकाच कॉपीत, म्हणजे बातमीच्या मजकुरात, सर्रास नांदतात. मला एकेरी चालतं, पण मग दोघांनाही. फोटोचंही तसंच. त्याचा कोटातला आणि तिचा समुद्रकिनाऱ्यावरचा असं नको. एकाच समारंभातले दोन शोधा, नाहीतर नुसते चेहरे लावा.

वय द्यायचं तर दोघांचं द्या, आणि पदही. १९९५ मध्ये मोनिका लेविन्स्की २२ वर्षांची प्रशिक्षणार्थी होती. बिल क्लिंटन ४९ वर्षांचा आणि अमेरिकेचा अध्यक्ष. तरी दोघांच्या लफड्याला आडनाव चिकटलं तिचं. प्रकरणाला नाव द्यायची वेळ तुमच्यावर आली तर सत्ता ज्याच्या हातात होती त्याचं द्या.

सगळ्यात जास्त वेळ मात्र ‘पुढे काय झालं’ यावर घालवा. १ फेब्रुवारी २००४ ला सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरातल्या कार्यक्रमात गायक जस्टिन टिंबरलेकनं गायिका जॅनेट जॅक्सनच्या पोशाखाचा तुकडा ओढला आणि क्षणभर तिची छाती उघडी पडली. हात त्याचा होता. आठवड्यानं, सामना दाखवणाऱ्या सीबीएस वाहिनीवरच, ग्रॅमी या संगीत पुरस्कारांचा सोहळा झाला. तो आला, माफी मागितली, पुरस्कार घेऊन गेला. ती तिथं नव्हती. सरकारनं वाहिनीला ठोठावलेला ५,५०,००० डॉलरचा दंडसुद्धा पुढे कोर्टात टिकला नाही. २०१८ मध्ये त्याच मध्यंतराचा मुख्य गायक म्हणून तो परतला, आणि तिची जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये. हे एका दिवसाच्या बातमीत दिसणं शक्य नव्हतं. म्हणून लफड्याची बातमी छापलीत की डायरीत सहा महिन्यांनंतरची तारीख टाका: कुणाचं काम थांबलं, कुणाला नवं मिळालं? अशी बातमी कुणी मागत नाही. तरी करा.

बायकोला फोन लावणं थांबवा. ‘पत्नीनं अखेर मौन सोडलं’ हा मथळा मी येईल तितक्या वेळा कापते. ज्यानं केलं त्याला विचारा. तो बोलत नसेल तर तो बोलत नाही, असं लिहा. आणि हो, जोडीदारानं मारहाण केल्याची तक्रार पुरुषाची असली की कॉपीत हमखास विनोद शिरतो. तोही काढा. बाईनं सोसावं आणि पुरुषाला दुखू नये, या दोन्ही समजुती एकाच घरातल्या.

‘सूत्रांच्या म्हणण्यानुसार’ तिच्या चारित्र्याबद्दल काही आलं असेल, तर तेच वाक्य त्याच्याबद्दल छापलं असतं का, एवढं बातमीदाराला विचारा. बहुतेकदा तो स्वतःच ओळ खोडतो.

रात्रपाळीला पाचच मिनिटं असतील तर मथळा आणि फोटोओळ एवढंच धरा. पुष्कळसे वाचक त्यापुढे जातच नाहीत.