हॉर्स्टेड कीन्सला डबे दुरुस्तीला येताय? मग एवढी तयारी करा

ब्लूबेल रेल्वेवर जुने डबे दुरुस्त करायला आम्हीही येऊ का, असं इंग्लंडातली आपली मंडळी अधूनमधून विचारतात. जरूर या, सुतारकाम येत नसलं तरी या. आधी स्वयंसेवक म्हणून रीतसर नाव नोंदवा आणि सुरक्षिततेची माहिती नीट ऐकून घ्या. त्याआधी हत्याराला हात लावू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून ठेवा, कारण इथे गंजलेल्या खिळ्यांना तोटा नाही.

१९६० साली सुरू झालेली ही वारसा रेल्वे ससेक्समध्ये शेफील्ड पार्क ते ईस्ट ग्रिनस्टेड अशी ११ मैल धावते, आणि डब्यांची वर्कशॉप मधल्या हॉर्स्टेड कीन्स स्टेशनात आहे. लंडन व्हिक्टोरियाहून ईस्ट ग्रिनस्टेडपर्यंत साधी लोकल मिळते. पुढची वाफेची गाडी मात्र रोज नसते, हिवाळ्यात तर फारच कमी. वेळापत्रक पाहूनच निघा, नाहीतर कुणाच्या तरी मोटारीत जागा पकडा.

कपडे जुने, अंगाबरोबर बसणारे हवेत. ओढणी, मफलर, लोंबणाऱ्या नाड्या नकोत. अंगठ्या, बांगड्या, गळ्यातलं घरीच काढून ठेवा. बूट पुढे बोटांवर लोखंडी टोपी असलेले. शेडमध्ये थंडी अशी असते की आत थर्मल हवंच. डबा स्वतःचा आणा (जेवणाचा म्हणतोय), चहाची काळजी नको.

खरी तयारी पुढे आहे, आणि नवखी माणसं नेमकी तीच विसरतात. बरोबर पेन्सिल, वही, कागदी चिकटपट्टी, बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि पूर्ण चार्ज केलेला फोन असू द्या. कोणताही भाग सोडवण्याआधी त्याचा फोटो काढायचा, मागे पेन्सिलीनं खूण करायची, डावा की उजवा, कितवा कप्पा, कोणती बाजू, आणि त्याचे स्क्रू त्याच नावाच्या पिशवीत टाकायचे. हे डबे हातानं बांधलेले आहेत. शेजारशेजारच्या दोन दारांचीही मापं जुळतीलच असं नाही. इथे असलेल्या, लंडनच्या जुन्या मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या चेशम डब्यांचंच पाहा, १८९८ ते १९०० मधले ते, आणि बाहेरून वॉर्निश केलेलं सागवान. दार उतरवलं की ते ज्या चौकटीतून निघालं त्याच चौकटीत परत बसतं. स्क्रूही आडव्या खाचेचे, त्यामुळे पेचकस खाचेच्या रुंदीला अगदी जुळणारा घ्या. आधी खाचेतला रंग टोकानं उकरून काढायचा, मग पेचकस दाबून, अगदी थोडा घट्ट दिशेला फिरवून मग सोडवायचा. घाई केली की पितळी डोकं तुटतं आणि अर्धा दिवस ते ड्रिलनं काढण्यात जातो.

काही डब्यांची चाकं काढून लोक ते डबे राहायला किंवा शेतावरची शेड म्हणून वापरत असत. अशा डब्यांवर मधल्या काळातल्या रंगांचे थर असतात. ते सरसकट खरवडू नका. आधी एका कोपऱ्यात हलक्या हातानं, कडेला उतार येईल असं घासलं, तर एकाखाली एक रंग दिसतात आणि मूळ कंपनीचा रंग, कधी सोनेरी रेघही, हाती लागते. त्याचा फोटो काढून ठेवला की पुढच्या रंगकामाचा वाद मिटतो. घासायचं मात्र ओलं करूनच, कारण जुन्या रंगात शिसं असतं. मास्क लावा, आणि जेवण्याआधी हात, नखं, तोंड साबणानं धुवा. १९५१ पासून बनलेल्या ब्रिटिश रेल्वेच्या मार्क वन डब्यांत पॅनेलमागे करडं, तंतुमय काही दिसलं तर तिथेच थांबा, हात लावू नका, वरिष्ठांना सांगा. ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि तो काढणं परवानाधारकांचं काम.

डब्याखाली शिरायचं असेल तर तो हलवायचा नाही अशी पाटी लागलीय का, हे स्वतः पाहा. दोन डब्यांच्या बफरच्या (टोकाला धक्का झेलणाऱ्या दांड्यांच्या) मध्ये उभं राहण्याची सवय मुळातच लावून घेऊ नका.

जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा नियम पाठच करा: गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. तेल सुकताना तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. पाणी भरलेल्या, झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका, किंवा बाहेर मोकळ्या पसरून वाळवा. आणि वॉर्निशचा दिवस असेल तर आदल्या दिवशी झाडलोट उरकून ठेवा, त्या सकाळी झाडू उचलू नका. लोकरीचा स्वेटरही नको. त्याचे केस ओल्या वॉर्निशवर बसले की ते पॅनेल पुन्हा घासावं लागतं.