माफ करायची घाई नको: रवांडातून वाचलेल्या माणसांकडून शिकलेलं

रवांडाच्या राजधानीत, किगालीत मी चार वर्षं नोकरीला होते, अकाउंट्सचं काम, आणि शेजारच्या टेबलावरची बाई १९९४ च्या कत्तलीतून वाचलेली आहे हे कळायला मला दीड वर्ष लागलं. तेही तिने सांगितलं नाही, एप्रिलचा पाऊस सुरू झाला आणि ती खिडकी लावायला उठली ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली, दमच कोंडला तिचा. तिकडे ह्याला इहाहामुका म्हणतात, म्हणजे फुफ्फुसंच नाहीयेत असं वाटणं. ७ एप्रिलला कत्तल सुरू झाली, शंभरेक दिवस चालली, युनोच्या हिशेबाने आठ लाख आणि तिथल्या सरकारच्या हिशेबाने दहा लाखांच्या वर माणसं गेली, बहुतेक तुत्सी जमातीची, आणि मारणारे हुतू जमातीचे, बरेचसे शेजारीपाजारीच. पावसाळा तेव्हाही हाच होता.

म्हणून आधी शरीर बघा, देव आणि माफी नंतर. माणसाला असा झटका आला की गराडा घालू नका, गच्च धरू नका, दार उघडं ठेवा आणि साधं बोला, मी अमुक, आपण ऑफिसमधे आहोत, आज मंगळवार आहे. मी पहिल्या वेळी खांदे धरून हलवलं होतं, अजून लाज वाटते.

दुसरं, तू कोण, हुतू की तुत्सी, हे विचारायचं नाही म्हणजे नाही. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर जात छापायला सुरुवात केली आणि १९९४ मधे नाक्यानाक्यावर तेच कार्ड बघून माणसं मारली, आता कार्डावर तो रकानाच नाहीये. आपल्याला आडनावावरून अंदाज बांधायची सवय असते ना, ती एअरपोर्टलाच सोडून यायची.

आता श्रद्धेचं. लोक सहज म्हणून जातात, देवाने वाचवलं तुला. हे वाक्य वाचलेल्या माणसाला फार बोचतं, कारण मग बाकीच्यांना का नाही वाचवलं? न्तारामा, न्यामाताच्या चर्चमधे लोक आसऱ्याला गेले आणि तिथेच मारले गेले. न्यांगेचं चर्च तर बुलडोझरने पाडलं, आत दीड-दोन हजार माणसं होती, आणि त्यात हात असल्याबद्दल तिथल्याच पाद्रीला आंतरराष्ट्रीय कोर्टात २००८ मधे अपिलात जन्मठेप झाली. ह्यानंतर कुणी चर्चची पायरी चढत नसेल तर त्याला 'विश्वास गमावलेला' म्हणू नका. काहींनी इस्लाम स्वीकारला, कारण मुस्लिम शेजाऱ्यांनी लपवलं होतं. काही जण देवाशी नुसते भांडतात, आणि मला विचाराल तर तीही प्रार्थनाच, आपले संत नाही का विठोबाला तोंडावर बोल लावत? तुम्ही स्वतः ह्यातून गेला असाल तर जुनी श्रद्धा जशीच्या तशी परत आणायच्या मागे लागू नका, एक छोटी गोष्ट धरा, एक मेणबत्ती, एक ओळ, जी म्हणताना खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.

ह्या ओळीवरून इमाक्युले इलिबागिझा आठवते. एका हुतू पास्टरच्या घरात, साधारण तीन बाय चार फुटांच्या बाथरूममधे ती ९१ दिवस लपली होती, शेवटी शेवटी आठ जणी, बाथरूमच्या दारापुढे कपाट सरकवलेलं, एकीला पाय लांब करायचा तर दुसरीने आखडायचा. हातात वडिलांनी दिलेली जपमाळ. आणि प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की ती गाळायची, कारण बाहेर मारेकरी तिचं नाव घेऊन तिला शोधत होते, तेव्हा क्षमा कुठून आणायची. पुढे तिने तुरुंगात जाऊन घरच्यांना मारणाऱ्या माणसाला माफ केलं, हे जगभर सांगितलं जातं. गाळलेली ओळ मात्र कुणी सांगत नाही, आणि शिकायचं ते तिथेच आहे असं मला वाटतं, जमत नाही तोवर गाळा.

माफीच्या आधी माहिती लागते, हे मला तिथेच कळलं. कुठे मारलं, कुठे टाकलं. गाचाचा म्हणजे गवतावर बसून चालणारी गावची कोर्टं, २००५ ते २०१२ देशभर चालली, बारा हजारांच्या आसपास कोर्टं आणि एकोणीस लाखांवर केसेस. कबुली दिली की शिक्षा कमी व्हायची, त्यामुळे बऱ्याच माफ्या तोंडदेखल्या, फॉर्म भरल्यासारख्या होत्या, हे वाचलेल्यांना तेव्हाही कळत होतंच. पण त्याच कबुल्यांमधून कुणाला आपल्या भावाची हाडं कुठल्या संडासच्या खड्ड्यात आहेत ते कळलं. माझ्या ऑफिसातल्या त्या शेजारणीने तिच्या आईची हाडं स्वतः धुतली होती, साबणाच्या पाण्यात, एकेक बोट वेगळं करून, मग पांढऱ्या कापडात. ती म्हणाली त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. तर माफीचं बोलायच्या आधी विचारा, तुझी माणसं सापडली का? ते काम बाकी असेल तर ते आधी.

आणि समोरचा माफी मागायला आलाच तर? २००३ पासून हजारो कैदी सुटून त्याच टेकडीवर, त्याच विहिरीवर परत आले, त्यामुळे हा प्रश्न तिकडे रोजचा. एकट्याने भेटू नका, त्याला नेमकं काय केलं ते नाव घेऊन बोलू द्या, 'जे झालं ते झालं' म्हणाला तर उठून यायची पूर्ण मुभा आहे. उत्तर त्याच दिवशी द्यायचं नसतं, 'ऐकलं' एवढं पुरतं. आणि माफ केलं म्हणजे मुलांना त्याच्याकडे सोडायचं, केस मागे घ्यायची असं काही नाही, हे तीन वेगळे निर्णय आहेत. पास्टर, काउन्सेलर, सरकार, नातेवाईक कुणीही घाई केली तर त्यांना सरळ थांबवा, त्यांना शांतता हवी असते लवकर, आणि तिची किंमत तुमच्याकडून वसूल होते.

७ एप्रिलपासूनचा शोक-आठवडा आला की मी अजूनही त्या शेजारणीला फोन करते, कशी आहेस विचारत नाही, काय जेवलीस विचारते. गेल्या वर्षी म्हणाली, काल चर्चला गेले होते, तीस वर्षांनी. मी विचारलं, आणि ती ओळ? गाळली, म्हणाली, आणि हसली.