तुरीच्या सोंगणीत बारावीचं कॅल्क्युलस: तयारीची यादी

जानेवारीत तूर सोंगणीला आली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो: "सर, इंटिग्रेशन कुठून सुरू करू?" यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका गावात मी सांजच्याला बारावीच्या पोरापोरींची गणिताची शिकवणी घेतो. बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे हातात चार-पाच आठवडे, त्यातले अर्धे दिवस वावरात, आणि हरभऱ्याच्या ओलिताची पाळी रात्रीची आली तर झोपेचीही वाट लागलेली. रोज बारा तास अभ्यास करा म्हणणारी वेळापत्रकं आपल्या कामाची नाहीत. ही यादी आपल्या दिवसांच्या हिशेबाने आहे.

पहिल्या संध्याकाळी पुस्तक उघडूच नका. कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहून काढा: घातांकाचे नियम, लॉगचे नियम, साईन-कॉसची दुप्पट कोनाची सूत्रं, पूर्ण वर्ग करायची रीत, ३०-४५-६० च्या किमती. हात थांबला तिथे खूण करा. 'मला कॅल्क्युलस जमत नाही' म्हणणाऱ्या पोट्ट्याचं कॅल्क्युलस बहुतेक वेळा ठीक असतं, गळती दहावी-अकरावीच्या बीजगणितात असते. इंटिग्रेशन बरोबर सुरू करतो आणि तिसऱ्या ओळीत लॉग ए वजा लॉग बी याचं सरळ लॉग (ए वजा बी) करून मोकळा होतो. ही गळती दोन-तीन संध्याकाळींत बुजते, पण आधी दिसली पाहिजे. त्यानंतर एक दिवस अकरावीच्या दुसऱ्या भागातल्या शेवटच्या तीन प्रकरणांना द्या: लिमिट (सीमा), कंटिन्युइटी, डिफरन्शिएशन (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर काढणं). तिथे एक गोष्ट नीट बघून घ्या. साईन एक्स छेद एक्स याची सीमा १ येते ती कोन रेडियनमध्ये असला तरच. गणितात अंशाची छोटी खूण दिसली की आधी पाय (π) छेद १८० ने गुणून घ्यायचं.

दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हाती आलेल्यांनी एक वेगळी वही करावी, शब्दांची. मी स्वतः महिनाभर 'नॉर्मल' म्हणजे साधीसुधी रेषा समजत होतो. ती स्पर्शिकेला त्या बिंदूत लंब असते हे चाचणीचा पेपर हातात पडल्यावर कळलं. 'इन्क्रीजिंग', 'रेट', 'बाउंडेड बाय', 'हेन्स', 'विथ रिस्पेक्ट टू' असे तीस-चाळीस शब्द पाठ झाले की शाब्दिक गणितं निम्मी सोपी होतात. पुस्तक फाटलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ फुकट उतरवता येते. गावात नेट चाललं त्या दिवशीच उतरवून ठेवा.

आता क्रम. बारावीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागातल्या आठ प्रकरणांपैकी पहिली सहा कॅल्क्युलसची. डिफरन्शिएशन आधी आणि पक्कं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मग इनडेफिनिट इंटिग्रेशन (डिफरन्शिएशनची उलटी क्रिया), मग डेफिनिट (तेच, पण मर्यादा घालून), मग क्षेत्रफळ आणि शेवटी डिफरन्शियल इक्वेशन. डेरिव्हेटिव्हचे उपयोग मधे कधीही घ्या. डिफरन्शियल इक्वेशन पुस्तकात मागे आहे म्हणून सोडून देणारे लय भेटतात. माझ्या मते इतके स्वस्त गुण दुसरीकडे नाहीत: चल वेगळे करा, दोन्ही बाजू इंटिग्रेट करा, सी म्हणजे स्थिरांक लिहा.

डिफरन्शिएशनमध्ये एक्सचा ए घात, एचा एक्स घात आणि एक्सचा एक्स घात ही तिन्ही एकाच पानावर, एकाखाली एक लिहा. पहिल्याला घाताचा नियम, दुसऱ्यात लॉग ए येतो, तिसऱ्याला दोन्ही बाजूंचा लॉग घेतल्याशिवाय हात लावायचा नाही.

इंटिग्रेशनला मात्र जास्त वेळ लागणार. पुस्तकात प्रत्येक सरावसंच एकेका रीतीचा असतो. 'बाय पार्ट्स'च्या मथळ्याखाली वीस गणितं असली की रीत कोणती हे विचारावंच लागत नाही. पोरगं वीसच्या वीस सोडवतं, खूश होतं, आणि पेपरात मथळा नसतो तिथे अडकतं. म्हणून चिठ्ठ्या करा. जुन्या वहीचे कागद फाडून शंभर-दीडशे चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक गणित, मागच्या बाजूला फक्त रीतीचं नाव. सगळ्या रिकाम्या डब्यात टाकून हलवा. चिठ्ठी काढायची, रीत ठरवायची, मागे बघायचं. सोडवायचं नाही. सोडवायची वेळ वेगळी.

चिठ्ठ्या एकमेकींसारख्या दिसणाऱ्या निवडा, तर मजा. १ छेद (एक्स वर्ग अधिक ४) याला थेट सूत्र आहे, टॅन इन्व्हर्सचं. वर नुसता एक्स आला की सबस्टिट्यूशन, आणि उत्तर लॉगमध्ये. वर एक्स वर्ग आला की आधी भागाकार करून १ बाहेर काढायचा. वर १ च ठेवून खाली अधिकच्या जागी वजा झाला की गोष्टच बदलली, तिथे लॉगचं दुसरं सूत्र. तसंच हे एक त्रिकूट: ई चा एक्स वर्ग घात गुणिले एक्स, याला सबस्टिट्यूशन. ई चा एक्स घात गुणिले एक्स, याला बाय पार्ट्स. आणि ई चा एक्स घात गुणिले (१ छेद एक्स वजा १ छेद एक्स वर्ग), इथे कंसात फलन आणि त्याचाच डेरिव्हेटिव्ह शेजारी बसलेत, म्हणून उत्तर एका ओळीत: ई चा एक्स घात छेद एक्स, अधिक सी. बाय पार्ट्समध्ये पहिलं कोण घ्यायचं ते लॉग, इन्व्हर्स, बीजगणित, त्रिकोणमिती, ई चा घात या क्रमाने ठरवा.

चिठ्ठ्यांना टेबल लागत नाही, पेन लागत नाही, लाईन गेली तरी फरक पडत नाही. माझ्याकडची एक पोरगी कापूस वेचणीच्या दिवसांत वीस चिठ्ठ्या ओच्यात बांधून न्यायची आणि पाणी प्यायला बसली की पाच बघायची. रोही (नीलगाय)-डुकरांपायी रात्री वावरात जागलीला जाणाऱ्या पोट्ट्यांनी टॉर्चवर हेच करावं. रोज रात्री त्यातली सहा गणितं मात्र पूर्ण सोडवा, उत्तर न बघता, शेवटच्या ओळीपर्यंत. सबस्टिट्यूशनमध्ये घेतलेल्या टीचा परत एक्स केला का, अधिक सी लिहिला का, हे दरवेळी तपासा. नुसतं सोडवलेलं गणित वाचून 'समजलं' म्हणणं म्हणजे दुसऱ्याला बैलगाडी हाकताना बघणं.

उपयोगाच्या गणितांसाठी घरची उदाहरणं घ्या. गोल विहीर, त्रिज्या ३ मीटर, पंप चालू असताना पाणी तासाला १ मीटर उतरते. तर तासाला पाणी किती कमी होते? त्रिज्या बदलत नाही, म्हणून पाय गुणिले ९ गुणिले १, म्हणजे अंदाजे २८ घनमीटर, २८ हजार लिटर. पातळी उतरते म्हणून डेरिव्हेटिव्ह ऋण. ती वजाची खूण विसरू नका. पण मळणीनंतर तुरीचा शंकूसारखा ढीग वाढत असेल तर त्रिज्या आणि उंची दोन्ही बदलतात. आधी दोघींचा संबंध लिहा, मग डिफरन्शिएट करा, आकडे सगळ्यात शेवटी. आकडे आधी टाकले की जे बदलतं तेच गोठून जातं.

डेफिनिटमध्ये सबस्टिट्यूशन केलं की मर्यादाही बदला. क्षेत्रफळाला आकृतीशिवाय सुरुवात नको: वाय वर्ग बरोबर ४ एक्स आणि एक्स बरोबर ४ यांच्यामधलं क्षेत्रफळ ६४ छेद ३ येतं, पण आकृती नसली की खालचा अर्धा भाग विसरून पोरं ३२ छेद ३ लिहून येतात. सिद्धता सोडू नका. चेन रूल, बाय पार्ट्सचं सूत्र आणि डेफिनिट इंटिग्रलचे गुणधर्म बोर्ड पुन्हा पुन्हा विचारतं. एक दिवसाआड एक सिद्धता, न बघता लिहून.

शेवटच्या दहा दिवसांत जुने पेपर, घड्याळ लावून. ३ तास, ८० गुण. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं, चार गुणांच्या गणिताला नऊ. अ विभागात २ गुणांचे आठ बहुपर्यायी आणि १ गुणाचे चार प्रश्न. पुढे २ गुणांचे बारापैकी आठ, ३ गुणांचे बारापैकी आठ, ४ गुणांचे आठपैकी पाच. बहुपर्यायीत पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं, नुसतं एक लिहिलं तर गुण नाही, आणि पहिला प्रयत्नच तपासतात. प्रत्येक विभाग नव्या पानावर. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. घरी सरावही तसाच करा. सीईटी देणाऱ्यांनी ५० प्रश्न ९० मिनिटांत हा वेगळा सराव बोर्ड संपल्यावर धरावा, आत्ता दोन्ही दगडांवर पाय नको.

आदल्या रात्री नवीन गणित घेऊ नका, फक्त सरावात चुका झालेली पानं चाळा. हॉल तिकीट, दोन पेनं, पेन्सिल, पट्टी, लॉग टेबल पिशवीत भरून ठेवा. पेपर ११ ला, दालनात १०:३० ला हजर. त्यामुळे नेहमीच्या नाही, तिच्या आधीच्या एसटीने निघा. लग्नसराईत गाडी भरून आली की फाट्यावर थांबत नाही. पोळी-भाजी पोटभर खाऊन जा आणि सोबत डबाही घ्या, पेपर सुटतो दोनच्या पुढे आणि आपल्या गावची गाडी सहसा चारशिवाय नसते.