महागडा कंडेन्सर लावण्याआधीची तयारी

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू असताना स्पीकरच्या ट्वीटरमधला (उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या भागातला) बारकावा ऐकू येतो म्हणणारा माणूस थापा तरी मारतो, नाहीतर महागडा कंडेन्सर आधीच घेऊन बसलेला असतो. मी दुसऱ्यातला. कंडेन्सर म्हणजे ट्वीटरकडे फक्त उंच सूर सोडणारा छोटा भाग. महागडा लावला की आवाज सुधारतो म्हणतात; खरंच सुधारतो का, ते न बघता नुसत्या कानानं ओळखून ठरवायचं. म्हणून पहिली तयारी वेळेची. माग थांबल्यावर, पंखा बंद करून बसायचं. पत्र्याचं घर असेल तर पावसाळ्यात हा उद्योग नकोच. बेळगावचा पाऊस काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको.

मग स्पीकरचा बॉक्स बघा. बंद बॉक्स असेल तर वूफरवर (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागावर) ५० हर्ट्झचा सूर लावून जोडांवरून पेटलेली उदबत्ती फिरवा. धूर थरथरला की तिथं फट. प्लायवुडवर टिचकी मारून ढब्ब आवाज येतोय का बघा, आत गादीवाल्याकडचा पॉलिस्टर कापूस आहे का बघा. खोली दहा फुटी असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये घुमणारच, त्याला कुठल्याच कंडेन्सरकडे औषध नाही. बसायच्या जागेवर खडूची खूण करा आणि तिथून हलू नका.

आता मुख्य काम, मोजमाप. यात मी फसलो होतो. जुन्या इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेल्या, स्वस्त) कंडेन्सरवर ४.७ मायक्रोफॅरड छापलेलं होतं. तो काढून त्याच आकड्याचा पॉलिप्रॉपिलीनचा (प्लॅस्टिक फिल्मचा) महागडा लावला आणि आवाज एकदम मोकळा झाला! आठवडाभर सगळ्यांना ऐकवत सुटलो. पुढे सहज म्हणून जुना मीटरला लावला, तर ३.८. वाळत आलेला. ८ ओहमच्या ट्वीटरसाठी ४.७ चा कंडेन्सर साधारण ४२०० हर्ट्झपासून वरचं सोडतो, ३.८ चा ५२०० पासून. म्हणजे आवाज खरंच बदलला होता, पण बदलला आकडा. नव्या, स्वस्त कंडेन्सरनंही तेच झालं असतं.

म्हणून कपॅसिटन्स, म्हणजे हाच मायक्रोफॅरडचा आकडा, मोजणारा मीटर आधी मिळवा आणि दोन्ही कंडेन्सर सारखे करा. ३.८ च्या जुन्याला ०.४७ चे दोन छोटे कंडेन्सर समांतर जोडले की ४.७४ होतं, तेवढं पुरे. जुन्याचा आतला रोध जास्त असतो, तेव्हा नव्याच्या वाटेत तेवढाच छोटा रेझिस्टर घाला. मग ट्वीटरच्या टोकांवर ५००० हर्ट्झच्या सुराचा व्होल्टेज एकदा जुना, एकदा नवा लावून मोजा. स्वस्त मल्टीमीटर इतक्या उंच सुराला चुकतो, पण दोन्हींना सारखाच चुकतो, म्हणून चालतं. फरक एक टक्क्याच्या आत आणा, कारण आवाज जरा मोठा झाला की कानाला तोच चांगला वाटतो.

ऐकायला काय? आपल्याच सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं एखादं रेकॉर्डिंग ठेवा, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची बारीक झणकार, ट्वीटरची लाज काढते. जोडीला टाळांचं भजन. तुकडे अर्ध्या मिनिटाचेच.

दोन्ही कंडेन्सर एका टॉगल स्विचवर घ्या, स्पीकर एकच पुरे. स्विचवर पडद्याआड अशा कुणाला बसवा, ज्याला किंमत माहीत नाही आणि तोंडावर काही दाखवता येत नाही. आमच्याकडे वैनी बसल्या. आधी दोन्ही उघड ऐकवायचे, मग नाणं उडवून छापा-काट्याप्रमाणे लावायचे. दर वेळी गाणं थांबवून स्विच मोजता येणार नाही इतक्यांदा खटखटवायचा, म्हणजे खटक्यावरून ओळख पटत नाही. ऐकणारे दोघे असतील तर कागद वेगळे, कुजबुज बंद.

किती बरोबर आले म्हणजे पास, हे आधीच लिहून ठेवा. नुसत्या अंदाजानंही १० पैकी ८ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता पाच टक्क्यांच्या वर आहे, ९ किंवा जास्तची एक टक्क्याच्या आसपास. मी ९ ठरवले होते. आले ६. मग जागा बदलून वैनींनी ऐकलं, त्यांचे ५.

कंडेन्सर अजून स्पीकरमध्येच आहे. सोल्डरचा डाग सोडवायचा कंटाळा.