उपमान कोणाचे? कथालेखनातील प्रतिमा, अलंकार आणि शब्दनिवड

अलंकार म्हणजे मजकूर लिहून झाल्यावर वरून चढवायची गोष्ट, अशी लेखनाला नुकताच आरंभ केलेल्या बहुतेकांची समजूत असते. ती शाळेतून आलेली आहे. तेथे ओळ आयती दिलेली असते, तिच्यातील उपमेय, म्हणजे ज्याची तुलना केली ते, आणि उपमान, म्हणजे ज्याच्याशी केली ते, शोधून अलंकाराचे नाव लिहिले की गुण मिळतात. थोडक्यात, अलंकार ओळखायला शिकवले जाते, वापरायला कोणी शिकवत नाही. लिहायला बसल्यावर समोर ओळच नसते, आणि अशा वेळी ‘येथे कोणता अलंकार घालावा’ यापेक्षा ‘हे दृश्य कोण पाहत आहे’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. त्याचे उत्तर मिळाले की पुढच्या अर्ध्या अडचणी आपोआप मिटतात. येथील विवेचन मुख्यतः कथा आणि ललित गद्य लिहिणाऱ्यांसाठी आहे. छंद आणि लय यांचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत.

आरंभ उपमेपासूनच करू, कारण सर्वांत जास्त चुका तिच्यातच होतात. ‘तिचा आवाज रेशमासारखा मऊ होता’ या वाक्यात उपमेची चारही अंगे हजर आहेत: आवाज हे उपमेय, रेशीम हे उपमान, ‘सारखा’ हा साधर्म्यवाचक शब्द आणि मऊपणा हा साधारण धर्म. व्याकरणाच्या दृष्टीने ही पूर्णोपमा निर्दोष आहे; कथेच्या दृष्टीने ती निकामी आहे. रेशीम मऊ असते हे वाचकाला ठाऊक असल्यामुळे साधारण धर्म सांगून काहीच हाती लागत नाही, आणि तो गाळून ‘आवाज रेशमासारखा होता’ असे लिहिले तरी उपमान इतके वापरून झालेले आहे की त्यावरून वाचकाची नजर घसरून पुढे जाते. याउलट ‘तिचा आवाज नव्या खडूसारखा होता’ असे लिहिले, तर वाचक थबकतो, पण गोंधळतोही: पांढरा, ठिसूळ की कोरडा? येथे साधारण धर्म सांगणे भाग आहे. ‘तिचा आवाज नव्या खडूसारखा होता, पहिल्या दोन शब्दांना करकरायचा आणि मग सरळ चालायचा.’ म्हणजे उपमान जितके अनपेक्षित, तितका साधारण धर्म नेमका सांगावा, आणि उपमान जितके परिचित, तितके मौन पाळावे. परिचित उपमान मौन पाळूनही जिवंत होत नसेल, तर ते काढून टाकावे.

खडूच्या उपमेत आणखी एक गोष्ट घडली आहे. ती वाचताच बोलणारीपेक्षा ऐकणारा अधिक स्पष्ट होतो: हा कोणी वर्गात बराच काळ घालवलेला माणूस असावा. उपमेय कथानकातून येते, त्याची निवड लेखकाच्या हाती फारशी नसते. उपमान मात्र पाहणाऱ्याच्या आयुष्यातून येते, आणि म्हणून प्रत्येक उपमान हे पाहणाऱ्या पात्राविषयीचे विधान असते. हे जवळून पाहण्यासाठी एक उतारा घेऊ. सुतारकाम करणारा मुलगा बऱ्याच काळानंतर आजारी वडिलांना भेटायला आला आहे. पहिला खर्डा साधारणतः असा उतरतो:

‘वडील खिडकीशी बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळाने जाळे विणले होते. डोळे सागरासारखे खोल गेले होते. खोलीत स्मशानशांतता पसरली होती. मुलाच्या मनात भावनांचे वादळ उठले, पण ओठांवर शब्द येईनात.’

पाच वाक्ये, त्यांत चार अलंकार, आणि एकही या मुलाचा नाही. हा उतारा कोणत्याही कथेत, कोणत्याही मुलाच्या नावावर खपून जाईल. खपून जाणे हाच त्याचा दोष. तो सुधारताना अधिक सुंदर उपमा शोधत बसू नये. पाहणाऱ्याची यादी करावी: त्याचे हात रोज कशाला लागतात, कामात त्याला कशाची धास्ती वाटते, कोणती गोष्ट तो न बघता ओळखतो. सुताराच्या यादीत रंधा, पटाशी, लाकडातील गाठ, भुसा, वाळताना आकसणारे ओले लाकूड, सैल झालेले सांधे असे काहीबाही येईल. मग दुसरा खर्डा:

‘वडील खिडकीशी बसले होते. ओल्या लाकडाची चौकट वाळून आकसावी आणि सांध्यांत फटी दिसू लागाव्यात, तसे त्यांचे खांदे सदऱ्यात सैल झाले होते. “बरे आहे ना?” एवढे विचारून झाले. पुढचा प्रश्न धाकट्या भावाचा होता. तेथे गाठ होती. ती नेमकी कोठे आहे हे हाताला ठाऊक होते, म्हणून त्याने रंधा अलीकडेच उचलला आणि औषधांचे विचारले.’

येथे दोनच अलंकार उरले आहेत. पहिला उपमेचा, साधारण धर्म सविस्तर सांगणारा. दुसरा रूपकाचा: त्यात ‘सारखा’ नाही, ‘जणू’ नाही, संभाषणच लाकूड झाले आहे आणि प्रश्न विचारणे म्हणजे रंधा चालवणे. हा क्रम बदलून चालले नसते. उपमेने सुताराचे जग आधी उघडून दिले, म्हणून पुढचे रूपक स्पष्टीकरणाविना उभे राहू शकले; ते पहिल्याच वाक्यात आले असते तर वाचकाला खोलीत खरोखरीचा रंधा दिसला असता. ‘भावनांचे वादळ’ ही ओळ पूर्ण गेली, तरी भावना गेली नाही; विषय बदलून औषधांकडे वळण्यात ती दिसते. आता शांततेला भुशाची उपमा देण्याचा मोह होईल, आणि ती वाईटही होणार नाही. तरी ती गाळावी. तिसऱ्या सुतारी प्रतिमेनंतर वाचक मुलाकडे पाहायचे सोडून लेखकाच्या हुशारीकडे पाहू लागतो.

निवेदक तटस्थ असेल, कोणा एका पात्राच्या नजरेतून कथा सांगितली जात नसेल, तर उपमाने निदान कथेच्या काळातली आणि जगातली असावीत. वीज नसलेल्या काळाच्या कथेत कोणाच्या अंगातून विजेचा करंट जाऊ नये. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्य हाच काव्याचा प्राण मानून त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्याचा विचार गद्य लेखकालाही तेवढाच उपयोगी आहे.

प्रतिमा घडवायला अलंकार लागतोच असे नाही. वस्तू जशी आहे, वागते, हलते तशी नेमकी सांगणे याला आपल्या परंपरेत स्वभावोक्ती म्हणतात, आणि हा अलंकार मानावा की नाही यावर संस्कृत काव्यशास्त्राच्या जुन्या आचार्यांत मतभेद होता. दंडीने तिला अलंकारांत पहिले स्थान दिले. कुंतकाने तिला नाकारले, कारण वस्तूचा स्वभाव हाच अलंकार मानला तर अलंकृत करायला उरतेच काय, असा त्याचा आक्षेप होता. तर्काने कुंतकाचे म्हणणे खोडणे अवघड आहे. नव्या लेखकाने मात्र निःशंकपणे दंडीच्या बाजूला जावे. ‘मांजर उडी मारण्याआधी मागचे पाय जागच्या जागी हलवून घेते’ या वाक्यात कोठेही तुलना नाही, तरी उडीपूर्वीचा तो क्षण डोळ्यांसमोर उभा राहतो. सराव म्हणून एका पानाचे वर्णन ‘सारखा’, ‘जसा’, ‘जणू’, ‘प्रमाणे’ हे शब्द वर्ज्य करून लिहावे. डोळ्यांनी दिसणारेच तेवढे सुचत असेल, तर एका परिच्छेदात डोळेही वर्ज्य करावेत आणि आवाज, वास, स्पर्श यांवरच भागवावे.

असे लिहू लागले की सारा भार नाम आणि क्रियापद यांवर पडतो, आणि मराठीची श्रीमंती क्रियापदांत आहे हे ध्यानात येते. वेदनेचेच पाहा. जखम ठणकते, गळू ठसठसते, खरचटलेले चुरचुरते, नवी त्वचा हुळहुळते, काटा सलतो, मीठ झोंबते. यांतील प्रत्येक क्रियापदात वेदनेची जागा, लय आणि कारण आधीच भरलेले आहे. ‘खूप दुखत होते’ असे लिहून पुढे उपमा जोडण्याची वेळ येते, ती यांपैकी योग्य क्रियापद सुचले नाही म्हणून. पाहणे, न्याहाळणे, निरखणे, डोकावणे आणि रोखून पाहणे यांतही पाहणाऱ्याचा हेतू सामावलेला असतो. क्रियाविशेषण लिहावेसे वाटले की आधी क्रियापद बदलून पाहावे.

याहून सूक्ष्म साधन म्हणजे सहायक क्रियापद, ज्याकडे लेखनाच्या चर्चेत फारसे कोणी वळत नाही. ‘ती रडली’ ही नोंद झाली. ‘ती रडू लागली’ यात आरंभ दिसतो, ‘रडत राहिली’ यात कोणी समजूत घालायला आले नाही हे कळते, ‘रडत सुटली’ यात ताबा गेलेला असतो, आणि ‘तिने रडून घेतले’ यात मात्र हिशेब आहे: थोडा वेळ मिळाला होता, पुढे कामे होती, म्हणून तेवढ्यात रडणे उरकले. शेवटच्या वाक्यातील बाई कशी आहे हे सांगायला एकही विशेषण लागले नाही.

समानार्थी शब्दांच्या बाबतीत एवढेच लक्षात ठेवावे की ते समानार्थी असले तरी समान वजनाचे नसतात. डोळे रोजच्या बोलण्यात येतात, नेत्र दानात आणि तज्ज्ञाच्या पाटीवर, नयन गाण्यात. ‘त्याने नयन चोळले’ हे वाक्य विनोदी होते ते याच कारणाने. एका परिच्छेदात ‘पाणी’ तीनदा आले म्हणून तिसऱ्यांदा ‘जल’ लिहिणे ही शाळेतील निबंधाची सवय आहे. पुनरुक्ती खटकत असेल तर वाक्यरचना बदलावी. संस्कृत, फारसी, देशी आणि इंग्रजी अशा सर्व वाटांनी मराठीत शब्द आले आहेत, आणि कोणते पात्र कोणत्या वाटेचा शब्द उचलते यावरून त्याचे शिक्षण, वय आणि ऐट ओळखू येते. ‘निधन झाले’, ‘वारले’, ‘गेले’ आणि ‘संपला’ हे चार शब्दप्रयोग चार वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी येतील. ते अदलाबदल करून लिहिले तर संवाद लगेच खोटा वाटतो.

रोजच्या भाषेत मुरून गेलेली रूपके ही आणखी वेगळी बाब. ‘राग गिळला’, ‘जीव टांगणीला लागला’, ‘पायाखालची जमीन सरकली’ असे आपण लिहितो तेव्हा गिळणे, टांगणे, सरकणे कोणालाच दिसत नाही. ती सर्वस्वी टाळणे शक्य नाही आणि इष्टही नाही. साध्या निवेदनात ती बिनबोभाट काम करतात. एखादे जागे करायचे असेल तर त्याचा शब्दशः अर्थ एक पाऊल पुढे न्यावा: ‘त्याने राग गिळला, दुपारपर्यंत तो घशाखाली उतरला नव्हता.’ धोका असतो तो दोन झोपलेली रूपके एका वाक्यात जागी होण्याचा. ‘संशयाच्या बीजाने पेट घेतला’ असे वाक्य घाईत सहज लिहिले जाते, आणि बी रुजायच्या ऐवजी जळून जाते.

उरलेल्या अलंकारांपैकी यमक आणि श्लेष गद्यात मिठाइतकेच चालतात. अनुप्रास कानाला चटकन कळतो, म्हणून गंभीर प्रसंगात तो टाळलेलाच बरा. चेतनगुणोक्तीचा, म्हणजे निर्जीवाला सजीवासारखे वागवण्याचा, अतिरेक फार झाला आहे. भिंती ऐकतात, वारा कुजबुजतो, चंद्र हसतो. निर्जीव वस्तूला जिवंत करायचे असेल तर तिला भावना न देता हट्ट किंवा सवय द्यावी. ‘दार उदास होते’ यापेक्षा ‘दार पहिल्या धक्क्याला कधी ऐकत नसे’ हे अधिक खरे वाटते. उत्प्रेक्षेतील, म्हणजे उपमेय जणू उपमानच आहे अशी कल्पना करणाऱ्या अलंकारातील, ‘जणू’ निवेदकाची कल्पना उघड करतो, त्यामुळे कल्पना करण्याची सवय असलेल्या निवेदकालाच तो शोभतो. अपन्हुती, म्हणजे उपमेयाचा निषेध करून उपमान स्थापणे, गद्यात जपून वापरावी. ‘हे अश्रू नव्हेत, मोती आहेत’ या साच्यातून ती सहसा बाहेर पडत नाही.

कथाकाराच्या खऱ्या कामाचा, पण दुर्लक्षित अलंकार भ्रांतिमान हा आहे. ससंदेहात मन दोन शक्यतांत अडकते. भ्रांतिमानात ते एक चुकीची गोष्ट खरी मानते आणि त्याप्रमाणे कृती करते. ही कृतीच कथेला हवी असते. ‘खुंटीवरचा सदरा मुलासारखा दिसत होता’ ही उपमा झाली आणि तेथेच थांबली. ‘पहाटे दार उघडताच खुंटीवरचा सदरा पाहून तिने आवाज खाली आणला आणि पावले न वाजवता परत फिरली’ हे लिहिले की तुलना सांगावी लागत नाही. मुलगा घरी नाही, तो झोपला असताना त्याची झोप मोडू नये याची सवय अजून अंगात आहे, हे सारे एका चुकीतून कळते. उपमा सुचली की तिचा भ्रम करता येतो का, हे एकदा तपासून पाहावे.

येथून व्यंजनेकडे, म्हणजे उघड न सांगता सुचवण्याकडे, जाणे ओघाने येते. ‘सूर्य मावळला’ या वाक्याचे संस्कृत काव्यशास्त्रातील उदाहरण प्रसिद्ध आहे: वाच्यार्थ एकच, परंतु गुराख्याला त्यातून गुरे परत वळवायची हे कळते, संध्येला बसणाऱ्याला वेगळे आणि प्रियकराला भेटायला निघणारीला आणखी वेगळे. व्यंजना ही शब्दांत भरता येत नाही. ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता, हे आधी पक्के केले की अगदी कोरडे वाक्यही सुचवू लागते. म्हणून कथेतील सर्वांत भारलेल्या क्षणी भाषा साधी ठेवावी. तोपर्यंतची पाने नीट लिहिली असतील तर ‘दिवा लावायचा राहिला’ एवढे पुरते, आणि नीट लिहिली नसतील तर तेथे रूपकांचा ढीग रचूनही उपयोग होत नाही.

पुनर्लेखनाच्या वेळी मजकूर मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक अलंकाराखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. जेथे दोन रेघा लागोपाठच्या वाक्यांत आल्या असतील, तेथे दुबळी खोडावी. बहुधा नंतर लिहिलेली दुबळी असते, कारण ती पहिलीच्या जोरावर सुचलेली असते. नंतर प्रत्येक उपमानासमोर पानाच्या समासात ते कोणाचे, हे पात्राच्या नावाने लिहावे. ज्याच्यासमोर लेखकाचे स्वतःचे नाव लिहावे लागेल, ते आवडते असले तरी वहीत उतरवून ठेवावे आणि कथेतून काढावे. ज्याच्या डोळ्यांना ते शोभेल असे पात्र पुढे एखाद्या कथेत भेटू शकते.