माथेरानला घोड्यावर बसताय? आधी हेल्मेट

दस्तुरी नाक्यापुढे गाड्यांना बंदी, म्हणून माथेरानला गेलेली बरीच मंडळी घोडा करतात. घोडेवाला लगाम धरून चालतोय, मग हेल्मेट कशाला, असं वाटतं. पण घोड्यावर बसल्यावर आपलं डोकं जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर असतं, आणि खाली जांभा दगड. घोडा पळतच असायला हवा असंही नाही. अमेरिकेची ऑलिंपिक घोडेस्वार कोर्टनी किंग-डाय 2010 मध्ये सरावात घोडा अडखळून पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कवटीला फ्रॅक्चर झालं आणि ती कित्येक दिवस कोमात होती.

म्हणून घोडा ठरवतानाच हेल्मेट मागा, मुलांसाठी तर हट्टाने. मिळालेलं नुसतं डोक्यावर ठेवू नका. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं हवी. मागे सरकलं तर कपाळ उघडं पडतं. पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतकाच सैल. मग मान जोरात हलवून बघा: हेल्मेट डोक्यासोबत हललं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. अंबाडा असेल तर सोडून मानेजवळ सैल वेणी घाला. आतला फोम चेपलेला किंवा कवच तडकलेलं दिसलं, तर दुसरं मागा.

नियमित शिकणार असाल तर घोडेस्वारीचंच हेल्मेट विकत घ्या. मोटारसायकलचं जड असतं आणि त्यात कान झाकले जातात. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला.