सोलापुरात आपली ओळख मान्य करणारा समुपदेशक कसा शोधावा

आपण समलिंगी, उभयलिंगी किंवा ट्रान्सजेंडर आहोत हे ज्याला उमगले आहे आणि ज्याच्या घरी स्थळे पाहण्याची घाई सुरू झाली आहे, त्याला सर्वाधिक त्रास होतो तो सतत लपवून ठेवण्याचा. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये ती आजारांच्या यादीतून वगळली आणि भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही २०१८ मध्ये तीच भूमिका जाहीर केली. उपचार करायचे असतात ते नैराश्यावर, उडालेल्या झोपेवर, छातीतल्या धडधडीवर आणि स्वतःविषयी साठत गेलेल्या तिटकाऱ्यावर. शोध सुरू करण्याआधी हे मनाशी पक्के करावे, कारण समोरच्या तज्ज्ञाची पारख याच कसोटीवर करायची आहे.

कोणाकडे जावे हे त्रासाच्या स्वरूपावर ठरते. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडली असेल, तर औषधे देऊ शकणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला आधी भेटावे. मन मोकळे करून स्वतःला स्वीकारण्याचे काम मात्र नियमित भेटींत होते. ते चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक करतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि ती विचारण्यात संकोच बाळगू नये. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाचे शिक्षण सारखे नसते, म्हणून प्रशिक्षण कोठे झाले हेही विचारावे. मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था क्वीअर, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर अशा व्यक्तींसोबत काम करण्याचे प्रशिक्षण समुपदेशकांना देते. ते घेतलेली व्यक्ती मिळाल्यास निम्मे काम सोपे होते.

सोलापूर विस्ताराने मोठे झाले, तरी ओळखीपाळखीचेच राहिले आहे. होटगी रस्त्यावरच्या दवाखान्यात कंपाउंडर मोठ्याने नाव पुकारतो आणि समोरच्या बाकावर आत्याच्या सोसायटीतले कोणीतरी बसलेले असते. ही भीती खरी आहे; तिला भित्रेपणा समजू नये. पुण्या-मुंबईच्या समुपदेशकाशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलणे हा त्यावरचा चांगला मार्ग आहे, पण पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरात तासभर एकांत मिळणार कोठे, हा प्रश्न उरतोच. विश्वासू मित्राची खोली किंवा उभी केलेली गाडी चालू शकते; नाहीच जमले, तर लेखी संवादाची सोय आहे का ते विचारावे. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल, तर त्या भाषेत बोलणारा तज्ज्ञ मिळतो का तेही पाहावे, कारण लहानपणीचे दुखणे त्याच भाषेत नीट सांगता येते. खासगी फी परवडत नसेल, तर छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजेच आपले सिव्हिल, आहे. तेथे गर्दी असते, म्हणून केसपेपर काढताना तपशील सांगत बसू नये आणि आत गेल्यावर “मला एकांतात बोलायचे आहे” असे स्पष्ट म्हणावे.

खरी परीक्षा पहिल्या फोनवरच होते. वेळ देणाऱ्या कर्मचाऱ्याला काहीही न सांगता तज्ज्ञांशी पाच मिनिटे बोलण्याची विनंती करावी; नाव सांगण्याची गरज नाही. मग म्हणावे, “मी समलिंगी आहे. मला ते बदलायचे नाही. लग्नाच्या विषयामुळे जीव घुसमटतो आणि रात्र रात्र झोप लागत नाही. अशा व्यक्तींसोबत आपण काम केले आहे का?” यावर “लग्न झाले की सगळे ठीक होईल”, “हार्मोन तपासू या” किंवा “आधी आईवडिलांना घेऊन या” असे उत्तर आले, तर आभार मानून फोन ठेवावा. असे ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. याउलट, तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारावी असे जो विचारतो आणि आपला अनुभव कमी असल्याचे प्रामाणिकपणे सांगूनही ऐकून घेण्याची तयारी दाखवतो, त्याला मी सर्वज्ञतेचा आव आणणाऱ्यापेक्षा केव्हाही वर ठेवीन.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ तुमच्या बाजूने आहे. लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही आणि तुमची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे; जिवाला धोका असणे यांसारखे अपवाद कोणते, ते पहिल्याच भेटीत समजून घ्यावे. अठरा वर्षांखालील मुलांच्या उपचारांत पालकांचा सहभाग येतो, त्यामुळे घरी काय सांगितले जाईल हे त्या मुलांनी आधीच विचारावे.

जीव नकोसा वाटत असेल, तर योग्य समुपदेशक मिळेपर्यंत थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तेथे मराठीसह तेलुगू व कन्नडमध्येही बोलता येते. स्वतःला इजा होण्याची भीती तातडीची असेल, तर थेट सिव्हिलच्या अपघात विभागात जावे आणि शक्य असल्यास सोबत कोणाला तरी न्यावे.

तीन-चार भेटींनंतर स्वतःला विचारावे की तेथून निघताना आपण थोडे मोकळे होतो की अधिक ओशाळे. “एकदाचे घरी सांगून टाका” असा धोशा लावणारा समुपदेशक सहृदय असला, तरी घाई करतो आहे. सांगायचे की नाही, कोणाला आणि केव्हा, हे तुमच्या पगारावर, राहण्याच्या सोयीवर आणि सुरक्षिततेवर अवलंबून असते. त्याचे आणि आपले जुळत नसेल, तर तसे सांगून दुसऱ्याकडे जाता येते, आणि जाताना आपल्या उपचारांच्या नोंदी मागून घ्याव्यात, म्हणजे नव्या ठिकाणी सगळे पहिल्यापासून सांगावे लागत नाही.